भिंतीवर वारली, ताटात पनीर

डहाणू रोड स्टेशनातून बाहेर पडून समुद्राच्या दिशेने चालायला लागा, नाहीतर चारोटीहून महामार्गाने तलासरीकडे निघा. वाटेत जे नवं हॉटेल लागेल त्याची भिंत बघा. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांची माणसं दिसतील. मधे तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेला फेर, कोपऱ्यात भात लावणाऱ्या बायका, एका बाजूला ताडावर चढणारा गडी. आता आत बसा आणि मेन्यूकार्ड उघडा. पनीर टिक्का, पनीर कढाई, व्हेज कोल्हापुरी, शेजवान राइस, चिकन लॉलीपॉप. भिंतीवरची माणसं जे पिकवतात आणि जे खातात, त्यातलं एकही नाव त्या कार्डावर नसतं. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या हॉटेलांबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. बहुतेक बारीकसारीक आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा या एकाच गोष्टीतून निघतात. इथल्या हॉटेलाला इथली माती लागत नाही आणि इथला माणूस दिसत नाही.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ही चित्रं घराच्या कुडावरून कागदावर आणून जगभर पोचवणारे जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या तालुक्यातल्या हॉटेलात बसून मी नागलीची भाकरी मागितली तर वेटर माझ्याकडे बघत राहतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत, डहाणूत सुमारे सात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा. किनाऱ्याला मांगेला आणि माच्छी. वाड्यांमधून पारशी-इराणी. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली गुजराती बोलणारी घरं. इतकी स्वयंपाकघरं एका पट्ट्यात असताना बाहेर जेवायला मिळतं ते ठाण्यात, नाशकात आणि सुरतेत मिळतं तेच.

मासळीपासून सुरुवात करतो. डहाणूला बंदर आहे. उत्तरेला चिखले, घोलवड, बोर्डी, आणि गुजरातच्या हद्दीला टेकलेलं तलासरी तालुक्यातलं झाई. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा. कार्डावर ‘पापलेट फ्राय’ असं छापलेलं असतं आणि किमतीच्या जागी ‘साइजप्रमाणे’. साइज ठरवणार स्वयंपाकघर, आणि गिऱ्हाइकाला ती कळणार बिल आल्यावर. मासा आधी दाखवा म्हटलं की वेटर आत जातो, बाहेर येतो आणि “एकदम फ्रेश आहे साहेब” एवढंच सांगतो. बाजारातली मावशी आधी कल्ला उघडून लाली दाखवते, पोट दाबून दाखवते, मग भाव बोलते. हॉटेलाने एवढंच करावं. कच्चा मासा ताटलीत घालून टेबलावर आणावा, वजन सांगावं, पैसे सांगावेत. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ज्या हॉटेलात ते होत नाही तिथे मी पापलेट मागवत नाही. तुम्हीही मागवू नका.

बोंबलाची गत याहून वाईट. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. घरी तो चिरून, उघडून, मीठ लावून पाट्यावरवंट्याच्या वजनाखाली दाबून ठेवतात. पाणी निथळलं की हळद-मिरची-लसूण चोळून, तांदळाच्या पिठात नुसता लोळवून तव्यावर टाकतात. पीठ कागदाएवढं पातळ, कडा कुरकुरीत, आत लोण्यासारखा मऊ. हॉटेलात दाबायला वेळ नसतो, म्हणून मैद्याचा आणि रव्याचा जाड अंगरखा चढवतात, त्यात नारिंगी रंग घालतात आणि कढईत सोडतात. वरचं कवच हाताला लागतं, आत पाणी सुटलेलं असतं. दोन तुकड्यांनंतर ताटलीत तेलाचं आणि पाण्याचं तळं होतं. ज्या किनाऱ्यावर बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत घालतात, त्या किनाऱ्यावर हा प्रकार खपवून घ्यायचं मला कारण दिसत नाही.

रश्श्याची तक्रार वेगळी. सुरमई, कोळंबी, अंडं, कोंबडी, सगळ्यांना एकच लाल ग्रेव्ही. सकाळी पातेलंभर करून ठेवायची आणि मागणी येईल तसं त्यात काहीतरी बुडवायचं. कार्डावर तिचं नाव ‘मालवणी’. मालवण डहाणूपासून किनाऱ्याने पाहिलं तर महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. मालवणी जेवणाशी माझं भांडण नाही, ते मालवणात जाऊन आनंदाने जेवतो. पण इथे मालवणी आहे, गोवन आहे, कोळीवाडा आहे, हैदराबादी आहे आणि मांगेल्यांच्या घरचं कैरी घातलेलं बोंबलाचं कालवण नाही. बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही स्थिती आहे.

आणखी एक. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांतही कार्डावरचे सगळे मासे हजर असतात आणि सगळे ‘फ्रेश’ असतात. बर्फातला मासा विकणं हा गुन्हा नाही. बर्फातला आहे असं सांगून विका, मी घेईन. खरं तर ते दिवस सुक्या मासळीचे. सुक्या बोंबलाचं कालवण, कांद्यात परतलेला जवळा, सोबत तांदळाची भाकरी. पावसाळ्यात इथल्या घराघरात हेच शिजतं. हॉटेलवाले म्हणतात, वास येतो, फॅमिली गिऱ्हाईक उठून जातं. मग निदान पार्सल द्या.

आता चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शंभराहून अधिक वर्षं इथे चिकूच्या वाड्या आहेत. घोलवडच्या मातीत कॅल्शियम जास्त, म्हणून फळाला ती गोडी येते, असं मानतात. बोर्डीला चिकू महोत्सव भरतो, त्याला मुंबईहून गर्दी लोटते. २०२१ मध्ये किसान रेल्वेने डहाणूचा चिकू थेट दिल्लीला गेला. दिल्लीला पोचला, पण स्टेशनसमोरच्या हॉटेलात पोचला नाही. मी विचारलं, “चिकू मिल्कशेक आहे का?” वेटर म्हणाला, “मँगो आहे, स्ट्रॉबेरी आहे.” मी पुन्हा म्हटलं, “चिकू?” तो म्हणाला, “चिकूचा क्रश संपलाय.” क्रश म्हणजे बाटलीतला, साखरेच्या पाकात घोटलेला गर. ज्या गावात टेम्पो भरभरून चिकू बाहेर जातो, त्या गावात बाटली संपली म्हणून चिकू संपतो. त्या वेटरचा यात दोष नाही. त्याला मालकाने बाटलीच दाखवली आहे. दोष मालकाचा आहे. झाडाला फळ जवळजवळ वर्षभर असतं, बाजारात मऊ पडलेला माल स्वस्तात मिळतो. दोन चिकू सोलून, बिया काढून, थंड दुधात फिरवायला कुठलंही खास यंत्र लागत नाही. चिकूचा हलवा, चिकूचं आइस्क्रीम, वाळवलेल्या चिकूच्या चकत्या हे सगळं इथल्या बायका महोत्सवात करून विकतात. वर्षातले उरलेले दिवस जेवणानंतर गोड काय म्हणून विचारलं की उत्तर येतं, गुलाबजाम.

तलासरीचं दुखणं महामार्गाचं आहे. मुंबई-अहमदाबाद रस्ता तालुक्याच्या मधून जातो आणि अच्छाडला राज्य संपतं. त्यामुळे इथलं हॉटेल बांधलं जातं ते जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीसाठी. काठियावाडी थाळी, पंजाबी ढाबा, राजस्थानी भोजनालय. पुढे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सीमेच्या अलीकडे परमिट रूमची जी रांग लागते ती वेगळीच. गुजराती जेवणाबद्दल माझी तक्रार नाही, ते या सीमेवरचं हक्काचं जेवण आहे, आणि डाळीत गूळ घालणारी घरं डहाणूतही भरपूर आहेत. माझी तक्रार अशी की तलासरीच्या आठवडे बाजारात बायका जे घेऊन बसतात त्यातलं काहीच या हॉटेलांच्या पातेल्यात जात नाही.

मे महिना संपता संपता, पहिल्या सरींच्या आगेमागे, रानात शेवळं येतात. जांभळट तपकिरी कोंब, जुड्या बांधून बाजारात येतात. शेवळं घशाला खाजरी, म्हणून ती घेताना सोबत काकडं घ्यायची. काकडाच्या आंबट रसाने खाज मरते. बाजारातली बाई शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं हातावर ठेवते, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. कोवळं चिरून, तेलावर नीट परतून, सोडे किंवा खिमा घालून ही भाजी जी लागते तिला तोड नाही. मग करटोली येतात, बांबूचे कोंब येतात, थंडीत कोनफळ आणि करांदे येतात. सालीसकट भाजलेल्या उडदाची दाट आमटी तर बारमाही. हे सगळं महामार्गाच्या कडेला, हॉटेलाच्या दारात विकलं जातं आणि हॉटेलाच्या आत फ्लॉवर-मटार शिजतो.

पलीकडचे लोक काय करतात ते बघा. सीमा ओलांडून वलसाडच्या पुढे डुंगरीच्या आसपास गेलात की थंडीत रस्त्याच्या कडेला उंबाडियू मिळतं. पापडी, रताळी, कंद मडक्यात भरून, रानपाल्याने तोंड बंद करून, मडकं उपडं ठेवून भोवती आग करतात. माणसं मुद्दाम गाडी थांबवून ते खातात, घरी बांधून नेतात. तीच जमीन, तेच कंद, तोच महामार्ग. तिकडे तो पदार्थ शेतकऱ्याला पैसे मिळवून देतो. इकडे आपण गाडीवाल्याला पनीर देतो, जे त्याला वडोदऱ्यातही मिळणार आहे.

भाताचंही तसंच. वाड्याच्या कोलमला मानांकन आहे, वाडा तालुका आमच्याच पालघर जिल्ह्यात. हॉटेलात लांब दाण्याचा, कोरडा, जिरं मारलेला बासमतीच. माशाच्या कालवणाला तो धरत नाही, रस्सा खाली आणि भात वर राहतो. तांदळाची भाकरी मागितली तर “पंचवीस मिनिटं लागतील” हे उत्तर ठरलेलं, आणि पंचवीस मिनिटांनी येते ती गार. पीठ उकडीचं नसलं की भाकरी मोडतानाच कळतं, कडेला भेगा पडतात.

आता किरकोळ गोष्टी, ज्यांच्यामुळे रोजचा माणूस खरा वैतागतो.

बसल्याबरोबर पाण्याची बाटली येते, आणि तिचं झाकण वेटरने आधीच फिरवलेलं असतं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हॉटेलांना मुभा दिली आहे, त्यावर वाद नको. पण साधं पाणी की बाटली, हे विचारायला हवं. जग मागितला की तो सगळ्यात शेवटी येतो.

लिंबाची फोड. एका लिंबाच्या आठ फोडी करतात. बिया मोजायच्या की रस शोधायचा, हेच कळत नाही. मासे विकणाऱ्या हॉटेलाने लिंबात हात आखडू नये. कांद्याचे वेगळे पैसे लावू नयेत.

कार्डावर दीडशे पदार्थ आणि त्यातले निम्मे “आज नाही”. दहाच ठेवा, पण ठेवा.

बिल. कागदाच्या चिटोऱ्यावर हाताने आकडे, खाली ‘जीएसटी’ म्हणून पाच टक्के, आणि नोंदणी क्रमांक कुठेच नाही. ज्या हॉटेलाने कंपोझिशन योजना घेतली आहे त्याला गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर असायला हवा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. या गोष्टी गल्ल्यावर शांतपणे बोललात की पैसे कमी होतात. मी बोलतो. सगळ्यांनी बोलावं.

टेबल पुसायचं फडकं. एकच फडकं सगळ्या टेबलांवरून फिरतं, आणि ते फिरल्यावर टेबलाला आधीपेक्षा जास्त वास येतो. बेसिनजवळचा साबण पाणी घालून इतका पातळ केलेला असतो की माशाचा वास हाताला तसाच राहतो.

संडास. महामार्गावर बस थांबते, चाळीस माणसं उतरतात, त्यांत बायका, म्हाताऱ्या, लेकरं. दाराला कडी नाही, आत दिवा नाही, नळाला पाणी नाही. काही ठिकाणी कुलूप, आणि किल्ली गल्ल्यावर. बायकांनी भरल्या हॉटेलात गल्ल्यावर जाऊन किल्ली मागायची, ही रीत आजच्या आज बंद झाली पाहिजे. या एका मुद्द्यावर मी कुणाचंही काही ऐकून घेणार नाही.

शनिवार-रविवार. बोर्डी, नरपड, पारनाक्याला मुंबईच्या गाड्या आल्या की इथल्या माणसाला टेबल मिळत नाही. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आम्हीच आनंदाने तिचं स्वागत केलं होतं. पाहुणे येऊ देत, त्यांच्यावर गावाचं पोट आहे. पण बाहेरच्या मोठ्या ग्रुपची वाट बघत रिकामं टेबल अडवून ठेवायचं आणि सोमवार ते शुक्रवार ज्यांच्यावर धंदा चालतो त्यांना दारात उभं करायचं, हे बरोबर नाही.

याहून गंभीर गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. बाजाराच्या दिवशी पाड्यावरचं एक कुटुंब हॉटेलात आलं. बाप, आई, दोन पोरं. आत पंख्याखाली टेबल रिकामं होतं. त्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगितलं, आणि बापाला हाक मारली ती “ए” म्हणून. त्याच वेळी आलेल्या गाडीवाल्याला “या शेठ”. त्या माणसाने चार वडापाव आणि दोन चहा घेतले, पैसे आधी दिले, आणि ते निमूटपणे बाहेर बसले. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, तारप्याचा फेर रंगवलेला होता. ज्या तलासरीत, झरीला, १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकर ज्यांच्यासाठी रान तुडवत फिरल्या, त्या तलासरीत आज त्यांच्या नातवंडांना आतलं टेबल मिळत नसेल, तर भिंतीवरचं चित्र पुसून टाकावं.

चांगलं आहे तेही सांगायला हवं. बंदराच्या बाजूला काही छोट्या खानावळी बायका चालवतात. तिथे कार्ड नाही. सकाळी जे मिळालं ते दुपारी शिजतं आणि संपलं की चूल बंद. मासा तव्यावर पडताना दिसतो. पैसे तोंडी सांगतात आणि बिल तेवढंच होतं. वाड्यांमधली काही पारशी-इराणी घरं आधी कळवलं तर धनसाक आणि पात्रानी मच्छी करून देतात, आणि पाहुण्याला पोटभर वाढतात. बचत गटांच्या बायका जत्रेत, महोत्सवात नागलीची भाकरी थापतात, तेव्हा त्यांच्यापुढे रांग लागते. उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे सोलून देणारा पोरगा हात धुऊन, पळसाच्या पानावर देतो. स्वच्छता आणि माया परवडत नाही असं म्हणणाऱ्या मोठ्या हॉटेलवाल्यांनी त्याच्याकडे पाहावं.

मालकांची बाजू मला माहीत आहे, कारण ती ते वारंवार सांगतात. आचारी बाहेरचा, त्याला इथलं येत नाही. पर्यटक पनीरच मागतो. रानभाजी रोज मिळेल याची खात्री नाही. यातलं शेवटचं खरं आहे, पण त्याला उपाय सोपा आहे. दारात एक फळा लावा आणि आज काय आहे ते खडूने लिहा. आचाऱ्याला येत नसेल तर पाड्यावरच्या दोन बायकांना रीतसर पगारावर ठेवा. त्यांच्याइतकी चांगली भाकरी कुठल्याच हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीने थापता येत नाही. आणि पर्यटक पनीर मागतो, कारण त्याला दुसरं काही आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. ज्याने शेवळांची भाजी कधी पाहिली नाही तो ती मागणार कुठून?

माझी मागणी मोठी नाही. कार्डावर पाच ओळी इथल्या असू द्या. नागलीची किंवा तांदळाची गरम भाकरी, उडदाची आमटी, बोंबलाचं कालवण, हंगामातली एक रानभाजी, आणि खऱ्या फळाचा चिकू मिल्कशेक. सोबत मासा आधी दाखवायची रीत, कडी असलेला संडास आणि सगळ्यांना एकच टेबल.

वाचकांना एवढंच सांगतो. डहाणूला, बोर्डीला, तलासरीला आलात तर जेवायला बसल्यावर पहिल्यांदा विचारा, “इथलं काय आहे?” उत्तर आलं नाही, तर उठा आणि पुढच्या दारात जा. चार दारांत हाच प्रश्न गेला की पाचवा मालक भाकरीचं पीठ मळून ठेवेल.